नापासांची जिलेबी

पलूसमध्ये कुणी स्पर्धा परीक्षा पास झालं की अख्खा गाव गुलाल घेऊन त्याच्या दारात जातो. आमचे सुभेदार तात्या त्या दिवशी नापास झालेल्याच्या दारात जातात. हातात गरम जिलेबीचा पुडा. सांत्वन नाही, उपदेश नाही. उंबऱ्यावर बसायचं, पुडा सोडायचा आणि म्हणायचं, "खा. गप खा." पोरगं रडत रडत पहिली जिलेबी संपवतं. दुसरीला तात्या विचारतात, "आता कवा येतूस?"

तात्यांनी फौजेतून निवृत्त झाल्यावर ट्रॅक्टरच्या शेडवर मजला चढवून अभ्यासिका काढली. परीक्षेतलं त्यांना स्वतःला काही कळत नाही. पूर्व परीक्षा म्हणजे पहिली चढण, मुख्य परीक्षा म्हणजे दुसरी आणि मुलाखत म्हणजे साहेबासमोरची परेड. पुस्तकावर डोकं टेकलेलं दिसलं की कानाशी शिट्टी वाजते. वर ऐकून घ्यावं लागतं, "पहाऱ्यावर झोपलास रं गड्या, दुश्मन आत आला की."

मी तिथं स्वयंपाकाला आहे. मूळचा गोंदियाकडचा, शाळा आठवीत सुटलेली. एका ठेकेदाराबरोबर मिरजेला आलो. काम संपलं तसा ठेकेदार आम्हाला सोडून निघून गेला. स्टेशनाबाहेर बसलो होतो, तेव्हा तात्या पुण्याहून हरून येणाऱ्या एका पोराला न्यायला आले होते. माझं तोंड बघून त्यांना तो मीच वाटलो. पुडा पुढं करून म्हणाले, "खा. गप खा." मी भुकेला होतो, खाल्ली. मग त्यांनी विचारलं, कुठल्या परीक्षेत गेलास. मी म्हणालो, आठवीच्या. तात्यांनी पुडा मागं घेतला नाही. तेव्हापासून इथंच आहे. अजूनही त्यांनी मोठ्यानं हाक मारली की वाटतं, आता जा म्हणतात की काय.

या जिलेबीनं एकदा घोटाळाही केला. निकालाच्या दिवशी तात्या पुडा घेऊन एका गल्लीत शिरले. जायचं होतं गल्लीच्या टोकाच्या घरी. पण मधल्या घरातल्या बाईनं त्यांना खिडकीतून पाहिलं आणि हंबरडाच फोडला. शेजारणी धावल्या, कुणी पाणी आणलं. तिचा पोरगा तलाठी झाला होता, हे पेढे घेऊन तोच घरी आला तेव्हा कळलं. तात्यांचं म्हणणं, "बाई रडली त्येच्यात माजी काय चूक? मी तर नुसता चाललो हुतो."

तात्यांना मुलगा आहे, विजय, त्यांचा इजू. तिकडं लांब दक्षिणेत सेलमला सोनं गाळायच्या दुकानात असतो. तोही कधीकाळी अभ्यास करायचा. आता घरी येत नाही, फोनही उचलत नाही. अभ्यासिकेत त्याचं नाव कुणी काढत नाही.

गेल्या निकालाला तात्यांचा जीव सारिकात अडकला होता. औंधची पोरगी, दोनदा थोडक्यात गेलेली. यंदा नाही जमलं तर घरचे लग्न उरकणार होते. तात्यांनी सकाळीच मला जिलेबी आणायला पाठवलं. मी म्हणालो, तात्या, निकाल तर लागू द्या. तर म्हणाले, गरम असताना आणावी.

सारिका पास झाली. जेसीबीतून गुलाल उधळला, वाजंत्री वाजली. तात्या गेले नाहीत. अभ्यासिकेत पुडा मांडीवर घेऊन बसून राहिले. मी विचारलं, चला की, तुमची पोरगी आहे.

"इजू नापास झाला तवा शेजारचा पोरगा फौजदार झाला," तात्या म्हणाले. "मी त्येच्या मिरवणुकीत लेझीम खेळत हुतो रं. घरी आलो तर इजू न्हाई."

तेवढ्यात जिन्याशी चपला वाजल्या. सारिका. केसांत गुलाल, गळ्यात हार तसाच.

"तात्या, माझी जिलेबी?"

"पास झाल्याल्यास्नी न्हाई."

"आवं, दोनदा हरल्यावर दिलीसा. आता एकदा द्या की."

तिनं पुडा ओढून घेतला आणि जमिनीवर बसून खाऊ लागली. तात्या तिच्याकडं बघतच राहिले. पास झालेलं कुणी अभ्यासिकेत असं परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. खालून कुणी हाक मारली तशी ती तात्यांच्या पाया पडून गेली. पायऱ्यांवर गुलाल सांडला, तो तात्यांनी मला झाडू दिला नाही.

पुड्यात थोड्या जिलेब्या उरल्या होत्या. तात्यांनी तो पुन्हा दोऱ्यानं बांधला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "सेलमला जाईस्तवर टिकंल का रं ही?"

"जिलेबी नाही टिकायची, तात्या," मी म्हणालो. "तुम्ही जा."

त्यांनी दोऱ्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

"मिरजंतनं गाडी आसंल न्हवं?" ते म्हणाले. "तू बी चल. मला एकट्याला दार वाजवाय हुयाचं न्हाई."