हमीदभाईंची तार

हमीदभाई नमस्कार करत नसत. ते सरळ समोरच्याच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावत. पिंपरीच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी माझं कपाळ, माझी खुर्ची आणि माझा चहा चाचपला. "तिन्ही ठीक हायेत," म्हणाले आणि गेले. ते कारखान्याचे वायरमन आहेत हे मला दुपारी कळलं. तोवर मी त्यांना डॉक्टर समजत होतो.

"आग काय बोंबलत येत न्हाई, राव. आधी ऊब येती," हे त्यांचं पालुपद. ते एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचे दिवस. आग विझवायची सोय म्हणजे वाळूच्या चार बादल्या, त्यातही पानाच्या पिचकाऱ्या. आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून खोक्यांत घालायचं गवत गोदामात छतापर्यंत रचलेलं!

हमीदभाईंनी त्यावर घरीच एक तार तयार केली आणि गोदामभर, गवताच्या ढिगांतूनही, फिरवली. दोन तारांना मेणाचा थर, वर कापड, आणि दोघींना घट्ट पीळ. कुठंही ऊब वाढली की मेण वितळायचं, तारा एकमेकींना टेकायच्या आणि माझ्या टेबलावर घंटा वाजायची.

उन्हाळ्यात गोदामाचा पत्रा तापला आणि घंटेनं उच्छाद मांडला. एकदा तर आम्ही धावत जाऊन, कारखाना बघायला आलेल्या दोन पाहुण्यांना बादल्यांनी न्हाऊ घातलं. मॅनेजर किंचाळले, "हमीद, ती तार काढ!"

"साहेब, तार बरुबर हाय. मेण हलकं निघालं. राळ मिसळतो."

राळ मिसळली. घंटा गप्प झाली. आम्ही तिला विसरलोही.

पावसाळ्यात गवत ओलसर आलं; असं गवत रचून ठेवलं की आतल्या आत तापत जातं. एका दुपारी घंटा वाजली. कुणी मान वर केली नाही. मीसुद्धा लिहीतच राहिलो. हमीदभाई मात्र पळत गोदामात शिरले आणि गवताच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. "आत भट्टी हाय! बायांना भाईर काढा!" ढिगामागं बारा बायका खोक्यांत बाटल्या भरत बसल्या होत्या. त्या आवाजानं मात्र मी उठलो. शेवटची बाहेर आली आणि ढिगातून धूर उसळला, मग जाळ. अर्धं गोदाम गेलं. माणूस एकही गेलं नाही.

मॅनेजरांनी भर अंगणात हात जोडले. हमीदभाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. "कणकण हाय. घरी जावा."

त्या रविवारी मी माफी मागायला भोसरीला त्यांच्या खोलीवर गेलो. एकटेच राहत. बोलता बोलता उशाजवळची घंटा खणखणली आणि ते अनवाणी शेजारच्या घरात धावले. मी मागोमाग. आत आग नव्हती. डोळ्यांनी अधू असलेल्या सोनाबाई भाकरी थापत होत्या. चुलीवरून निघालेली तशीच एक तार परसातून हमीदभाईंच्या खोलीत गेली होती, आणि परसात तिच्यावर ओलं लुगडं वाळत घातलेलं. त्याच्या वजनानं मेण दबून तारा टेकल्या होत्या.

"आलास व्हय? बस," म्हातारी त्यांना म्हणाली आणि माझ्या चाहुलीकडे वळली. "लई गुणाचा हाय. लुगडं वाळत घालाया दोरी बांधून दिली. आन् धुणं घातलं की बरुबर भाकरीच्या वक्ताला येतोय."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हमीदभाई, एक खिळा ठोकून तार वर घ्या. तिचा हात पोचणार नाही."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून खिळा काढून दाखवला. चांगला गंजलेला होता.

"सालभर खिशातच हाय," ते म्हणाले, आणि खिळा परत ठेवून भाकरी खायला आत गेले.