बंगळुरी बियरची भिलाईवर स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. भिलाईच्या कोहका, बोरसी आणि सेक्टरोसेक्टरीच्या समस्त नागपुरी-वऱ्हाडी मंडळींनी आज्ञा केली की, शके १९३५, विजय नाम संवत्सरी, माघ-फाल्गुनांत बाबाराव चार्जमन यांनी लोणच्याच्या बरणीत जी मोहीम केली तिजविषयी लोक भलतेसलते बोलतात, तरी खरा मजकूर लिहून ठेवावा. त्याजवरून जे डोळ्यांनी पाहिले, जे हयात माणसांस पुसून घेतले, आणि जे कोणी सांगितले नाही परंतु बखरकारास ठाऊक होते, ते सर्व एकत्र करून लिहिले असे. बखरकारास या मोहिमेत अर्धाच पेला प्राप्त जाहला, तथापि त्याचा राग लेखणीत उतरू दिला नाही.

ते काळी भिलाई मुक्कामी पोलादाचा महाकारखाना अष्टौप्रहर पेटता असे, आणि विदर्भातून पोटापाण्यास आलेली मंडळी तेथे चाकरीस असत, आणि शनिवारी संध्याकाळी त्यांतील तिघे मातब्बर कुम्हारीच्या सडकेवरील भय्याजींच्या बारात दरबार भरवीत. पहिले बाबाराव, पोलाद वितळते त्या शॉपातील चार्जमन, म्हणजे पाळीचे मुकादम, वय पन्नाशीपार, मिशी भरदार, आवाज भट्टीवर ओरडून थोर जाहलेला. दुसरे श्यामराव, हिशेबखात्यातील कारकून, पुराव्याखेरीज आपल्या सासऱ्याचेही न मानणारे. तिसरे पंजाबराव, रेल्वेचे गार्ड, मितभाषी, ज्या पक्षाच्या बशीत शेंगदाणे अधिक त्या पक्षास मिळणारे. भय्याजींकडे बियर दोन जातींची असे, एक असलेली आणि दुसरी नसलेली. असलेली आली म्हणजे तीत बर्फाचा खडा घालावा, वर चिमूटभर मीठ सोडावे, फेस उसळेल तो फुंकून टाकावा आणि मग प्यावी, ऐशी वहिवाट चालत आली होती, आणि जगात याहून निराळी बियर असेल हा विचार कोणाचे स्वप्नीही आला नव्हता.

त्या दरबारात बसावयास बाके होती आणि हातांची वेताची खुर्ची एकच होती. तिचा कायदा ऐसा, की खुर्चीवर बसेल त्याने बोलावे, आणि त्याचा पेला रिता होईतो बाकांवरच्यांनी ऐकावे, मध्ये तोंड घालू नये. ती गादी कैक वर्षे बाबारावांकडे चालत आली होती. खरे सांगावयाचे तर त्यांस हिजवाचून दुसरी जहागीर नव्हती. कारखान्यात तरणे इंजिनियर साहेब त्यांचे वाक्य अर्ध्यात तोडीत, आणि घरी मुले शिकून परमुलखी गेलेली, आणि पत्नी वसुंधराबाई यांस बाबारावांची गोष्ट सुरू होताच चुलीवर भाजी लागल्याचा वास येई. ऐकणारे कान काय ते या खुर्चीसमोरच होते. ती गेली असती तर बाबाराव जिवंतपणी मुके जाहले असते, आणि ही एवढी गोष्ट बखरकारास हसत लिहिता येत नाही.

ऐशात माघमासी वरून हुकूम जाहला की, भट्टीच्या विटांची पारख करणेस बाबारावांनी बंगळूर प्रांती जावे. मग स्वारी वळकटी, तहानलाडू आणि वसुंधराबाईंनी दिलेला ठेचा घेऊन आगगाडीने कूच करती जाहली, आणि विटा पारखून संध्याकाळी शहर पाहावयास निघाली असता एका बारात शिरली, तो आत भिंतीएवढ्या काचेमागे तांब्याचे प्रचंड हंडे दृष्टीस पडले. चौकशी करिता कळले की या ठिकाणी बियर बाहेरून येत नाही, येथेच शिजते. बाबारावांनी प्रथम काळी मागविली, तीस करपल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास होता. मग गव्हाची मागविली, ती ताकासारखी गढूळ आणि गोडसर होती. मग तांबूस मागविली, ती जिभेवर कडू आणि घशात उतरताना संत्र्याच्या सालीसारखी दरवळणारी, तेणेकरून बाबारावांस नागपूर आठवून गहिवर आला. दरम्यान त्यांनी बर्फ व मीठ फर्माविले, ते न मिळाले. मग त्यांनी चमच्याने फेस काढून बशीत ठेविला, आणि आसपासचे लोक खाणे सोडून पाहत राहिले.

तिसरा पेला रिचवून बाबारावांनी हंड्यांच्या दारोग्याची गाठ घेतली. तो गृहस्थ दिलदार. त्याने कडू फुलांची एक पुडी आणि जिवंत खमिराची एक बाटली नजर केली आणि मोडक्या हिंदीत कृती सांगितली की, जव भिजवून मोड आणावे, वाळवून भरडावे, ऊन पाण्यात सत्त्व काढावे, फुले घालून कढवावे, निववून खमीर सोडावे, आणि मग काही करू नये, ते आपले आपण होते. हे शेवटचे कलम बाबारावांनी ऐकिले, परंतु मानिले नाही. चार्जमन उभा असल्याखेरीज जगात काही आपले आपण होते, हे तीस वर्षांच्या चाकरीत त्यांनी पाहिले नव्हते.

परत येऊन पहिल्याच शनिवारी बाबारावांनी गादीवरून बंगळूरचे वर्तमान कथन केले. काळीपर्यंत दरबार शांत होता, गव्हाचीस कुजबुज उठली, आणि संत्र्याच्या सालीस श्यामरावांनी कायदा मोडून मध्येच तोंड घातले.

"बाबाराव, बियर म्हंजे बियर," ते म्हणाले. "तू थापा मारून राह्यला."

गादीवरच्याचे बोलणे आजवर कोणी तोडिले नव्हते. बाबारावांचे मुख भट्टीच्या झरोक्यासारखे लाल जाहले आणि त्यांनी भर दरबारी प्रतिज्ञा केली की, धुळवडीस तुम्हांस हीच बियर माझ्या क्वार्टरात पाजीन, न पाजीन तर खुर्ची श्यामरावांची. पंजाबराव साक्षीदार नेमिले गेले, आणि त्यांनी दोन्ही पक्षांचे शेंगदाणे खाऊन साक्ष पक्की केली.

मग मोहिमेची तयारी सुरू जाहली. जव दुर्गच्या बाजारातून पूजेच्या दुकानी मिळविले. दुकानदाराने कोणत्या ग्रहाची शांत म्हणून पुसिले, त्यास शनीची म्हणून सांगितले, आणि शनिवारचा विचार करिता ते खोटे नव्हते. मोड आलेले जव गच्चीवर वाळत घातले असता चिमण्यांनी छापा घातला, त्यांस टॉवेल फिरवून पिटाळिले. आबकारीच्या अंमलदारांस सुगावा लागू नये म्हणून शेजारी विचारतील तर औषधी काढा म्हणून सांगावे ऐसे ठरविले. परंतु मुख्य तजवीज भांड्याची. घरात एवढे मोठे भांडे एकच, ते म्हणजे वसुंधराबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी, आणि ती वसुंधराबाईंच्या ताब्यातील किल्ला होता. बाबारावांनी बहुत आर्जव केले, तेव्हा तह जाहला की, कैरी बाजारात येण्यापूर्वी बरणी घासूनपुसून, उन्हात तापवून परत करावी, आणि त्या पदार्थास वसुंधराबाई कदापि हात लावणार नाहीत, बाबारावांनीही तसे सांगू नये.

निम्मी फुले आणि निम्मे खमीर खर्चून पहिली लढाई दिली. खमीर पडताच दुसऱ्या दिवशी बरणीत वर फेसाची जाड साय चढली, आणि येथेच घात जाहला. भट्टीत पोलाद शिजते तेव्हा जो मळ आहे तो वर तरंगतो, त्यास स्लॅग म्हणतात, आणि तो वेळच्या वेळी काढून टाकिला नाही तर सबंध हीट, म्हणजे सबंध घाणा, बिघडतो. बाबारावांचे अवघे आयुष्य वर आलेले काढून टाकण्यात गेले होते. त्यांनी भज्यांचा झारा घेतला आणि कामावर जाताना एकदा, आल्यावर एकदा, निजताना एकदा तो फेस निपटून मोरीत टाकिला, आणि बरणी किती निर्मळ दिसते म्हणून समाधान पावले. परंतु जो फेस तोच खमिराचा जीव होता. आठवड्याने चाखून पाहतात तो शिळ्या पेजेची चव. फौज संपूर्ण गारद जाहली होती. ते पाणी कढीलिंबाच्या आळ्यात ओतिले.

उरलेली निम्मी कुमक घेऊन दुसरी लढाई मांडिली. यानंतर बंगळूरची रसद नव्हती, धुळवड तोंडावर आली होती, आणि श्यामराव खुर्चीस गादी शिवून घेत असल्याची बातमी पंजाबरावांनी आणिली होती. आणि तशातच, बरणी भरून फडके बांधितात न बांधितात तोच, कारखान्यातून बोलावणे आले की भट्टीचे अस्तर ढासळले आहे, सर्वांनी दुप्पट पाळी करावी. आता बरणीवर पहारा कोणी करावा? बाबारावांनी तह विसरून वसुंधराबाईंस फर्माविले की, सकाळ-संध्याकाळ झाऱ्याने फेस काढीत जावा.

"मी दारूले हात नाई लावत," वसुंधराबाई म्हणाल्या. "आधीच सांगतलं होतं."

बाबारावांनी हे बोलणे नेहमीचे समजून कानाआड केले आणि डबा घेऊन निघून गेले. मग दिवसामागून दिवस त्यांनी भट्टीत काढिले, घरी येत ते केवळ अंघोळ करून आडवे होण्यापुरते. अस्तर बसून सुटका जाहली त्या दिवशी त्यांनी बरणीचे फडके सोडिले, तो आत सायीचा थर वाळून तपकिरी जाहलेला, झाऱ्यास पाण्याचा थेंब नाही. आता श्यामराव खुर्चीत रेलून बसतील आणि आपण बाकाच्या टोकास बसून शेंगदाण्यांची सालपटे फुंकू, हे चित्र त्यांचे डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि डोळे भरून आले. तरी हाताची सवय जाईना. त्यांनी झारा घालून तो थर बाजूस केला, तो खालून संत्र्याच्या सालीचा वास आला.

त्यांनी वाटी बुडवून चाखिली. पुन्हा चाखिली. मग वाटी घेऊन तेथेच बसून राहिले, आणि वसुंधराबाई पोळ्या लाटीत होत्या त्यांनी लाटणे थांबवून पाहिले. मग भय्याजींकडील रिकाम्या बाटल्या मागवून, उकळून, ती तांबूस त्यांत भरली, बुचे ठोकून सुतळीने बांधिली आणि मोरीत ओल्या पोत्याखाली ठेविली.

धुळवडीच्या दिवशी दुपारी श्यामराव व पंजाबराव रंगाने माखलेले क्वार्टराच्या व्हरांड्यात दाखल जाहले. बखरकार शेजारधर्माने हजर होताच. श्यामरावांनी खिशातून मिठाची पुडी काढिली, ती बाबारावांनी जप्त केली. पेले भरले. फेस वर आला, तो कोणी फुंकू नये ऐसा हुकूम सुटला. श्यामरावांनी एक घोट घेतला, मग आणखी एक घेतला, मग पेल्याच्या तळाकडे पाहत राहिले. पंजाबरावांनी शेंगदाण्यांस हात लाविला नाही, ऐसे पूर्वी कधी घडले नव्हते.

"मीठ नाई लागत याले," श्यामराव शेवटी म्हणाले.

हाच शरणागतीचा खलिता. मग त्यांनी, ही विद्या कोणत्या युक्तीने साधली म्हणून पुसिले. बाबारावांस वाटते तर फत्तेचे सारे श्रेय दोन्ही हातांनी घेता आले असते, कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या वसुंधराबाईंकडे पाहिले.

"पयल्या डावाले म्या राखन केली, ते मेलं," ते म्हणाले. "दुसऱ्या डावाले हिनं हात नाई लावला, म्हनून जगलं."

श्यामराव हिशेबी माणूस. त्यांनी निवाडा दिला की, जिंकिले ज्याने, खुर्ची त्याची, सबब ती वहिनींची. वहिनींचे भय्याजींच्या बारात येणे नाही, म्हणून येत्या शनिवारी खुर्ची सायकलरिक्षात उलटी बांधून सेक्टरात आणिली गेली, आणि व्हरांड्यात मांडून वसुंधराबाईंस तीवर बसविले. त्यांनी बियर नाकारिली, ती नाकारिलीच, आणि हाती चहाचा कप घेतला. बाकीचे जमिनीवर बसले. कायदा वाचून दाखविला की, आता तुम्ही बोलावे, आणि कप रिता होईतो आम्ही ऐकावे.

वसुंधराबाई पहिल्याने लाजल्या. लोणच्यास बरणीचा वास लागेल म्हणून दोन शब्द बोलल्या. मग थांबल्या, पदर सारखा केला.

"हे भट्टीवर होते तवा घरात मी एकटी," त्या म्हणाल्या. "ते बरनी दिवसभर बुडबुडत राहे. घरात कोनी बोलून राह्यलं, असं वाटे मले. मंग मी बी तिच्यासंग बोलत बसो. तो फेस काढला असता, तर बंद झालं असतं."

मग वसुंधराबाई बोलू लागल्या, माहेरचे, मुलांचे, भिलाईस प्रथम आल्या तेव्हा भट्टीच्या उजेडास आग समजून घागर घेऊन धावल्या तेव्हाचे, आणि बाबाराव आ वासून ऐकत राहिले, कारण यांतले अर्धेअधिक त्यांनी कधी ऐकिले नव्हते. बोलता बोलता त्यांच्या कपातील चहा तळाशी आला. तेव्हा बाबाराव हळूच उठले, आत जाऊन चहाची किटली घेऊन आले, आणि कप रिता होण्यापूर्वी भरिला. पुन्हा तळाशी आला, पुन्हा भरिला.

येणेप्रमाणे फाल्गुन वद्यपक्षी, शनिवारी, भिलाई मुक्कामी बंगळुरी बियरची मोहीम फत्ते जाहली. गादी वसुंधराबाईंकडे कायम जाहली, श्यामराव व पंजाबराव मांडलिक जाहले, आणि बाबाराव चार्जमन यांची किटलीवर नेमणूक होऊन ती त्यांनी संतोषाने पत्करिली. मजकूर खरा, साक्षीस मंडळी हयात. लेखनसीमा.