सरकारस्वारी घाट उतरली आणि ब्रेक गोठला त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि ज्या देवाने उतार निर्माण करून ब्रेक मनुष्यावर सोडिला त्यासही नमन. शके अठराशे बावीस, शार्वरीनाम संवत्सरी, पौष मासी थंडी ऐसी पडली की हौदाच्या पाण्यास साय धरली. ते समयी डोंगरावरील राज्याचा घाटाखालील संस्थानाशी तह होता की, कोणी कोणावर स्वारी करू नये, करील त्याने सरहद्दीचे ठाणे गमवावे. आणि तो तह नवा करावयास सरकारांनी सायकलीवरून घाट उतरावा ऐसे ठरले. मग दरबारास सायकलीची काळजी लागली. राणीसाहेबांनी घंटेस गारठा बाधू नये म्हणून लोकरीची टोपी विणून घातली, आणि घंटा वाजेनाशी झाली. सेनापतींनी मागील तांबड्या दिव्यावर जरीपटका बांधिला, आणि दिवा दिसेनासा झाला. सरकारांनी हातमोजे ऐसे जाड धारण केले की आतील बोटांचा आणि बाहेरील जगाचा संबंध तुटला. राहिला ब्रेक. कारभारी अंताजीपंत म्हणाले, "यंत्राच्या तेलास घाण येते. सरकारांस खोबरेलच शोभेल." मग ब्रेकाच्या तारेत सुवासिक खोबरेल ओतिले, सायकल उघड्या अंगणात दवात ठेविली, आणि सर्वांस आपापल्या अकलेचे समाधान वाटले.

प्रातःकाळी सरकार निघाले, आणि पहिल्याच वळणावर ब्रेक दाबू गेले तो तार जागची हलेना.

"पंत, हे थांबत नाही!"

"सरकारांस थांबविणारा अजून जन्मास यायचा आहे!" पंत मागून तट्टावरून ओरडले.

मग धुक्यात पहारेकऱ्यांस घंटा ऐकू आली नाही, आणि ते ओढ्यात उड्या टाकिते झाले, आणि सरकार सरहद्द ओलांडून परमुलखातील कडब्याच्या गंजीत प्रवेशले. तेथील कर्त्या सगुणाबाईसाहेब शाल सावरीत आल्या.

"राजे, हा अपघात म्हणावा की स्वारी? अपघात असेल तर आत चला, चहा घ्या, तह करू. स्वारी असेल तर ठाणे सोडा."

सरकारांचे दात वाजत होते. "अ... अ..."

इतक्यात पंत पोहोचले. "खबरदार! आमच्या सरकारांस अपघात होत नाही!"

"अहो पंत, ब्रेकाला खोबरेलाचा वास येतोय. थंडीत ते गोठतं हे आमच्या वेणीसही ठाऊक आहे. अपघात म्हणा आणि सुटा."

"सरकारांचा ब्रेक गोठत नाही! ही स्वारीच!"

"चिटणीस, लिहून घ्या," बाईसाहेब म्हणाल्या. सरकारांच्या मुखातून "अपघात" हा शब्द संपूर्ण निघाला तोवर शिक्का उमटला होता.

सारांश, ठाणे गेले, सरकार खरचटून परत आले, स्वारी फत्ते केली म्हणून अंताजीपंतांस पालखी मिळाली, आणि दरबारच्या चौकशीत पौष महिना दोषी ठरला. त्यास हजर होण्याचे फर्मान गेले आहे.