दहा लिटरच्या आत

च्येन मिस्त्रींच्या घरात येनथिंगला स्वतःची म्हणता येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे चपलांच्या कपाटातला खालून दुसरा कप्पा. तोही छत्र्या वाढल्या की सोडावा लागे. लग्नानंतर तो घरजावई म्हणून या घरात आला त्याला सहा वर्षं झाली होती. घर मिस्त्रींचं, खालचा सुतारकामाचा कारखाना मिस्त्रींचा, भिंतीवरचं घड्याळ मिस्त्रींच्या आजोबांचं आणि दर्शनी भिंतीजवळचा पूर्वजांचा देव्हारा तर च्येन घराण्याच्या सात पिढ्यांचा. येनथिंग नगरपालिकेत कोण कुठल्या घरातलं याच्या नोंदी करायचा. सगळ्या तैपेईच्या माणसांना तो घराघरांत बसवत होता, पण स्वतः मात्र पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा.

त्याला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता. खरं सांगायचं तर कॉम्प्युटरपेक्षाही, या घरात 'हे माझं' म्हणून बोट दाखवता येईल अशी एक वस्तू हवी होती. जागा म्हणाल तर देव्हाऱ्याचं टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये एक अरुंद फट होती, तेवढीच. म्हणून त्याने चार महिने खपून चिमुकल्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी केली. ही यादी म्हणजे मुंग्यांचं लग्न लावण्यासारखं काम. पेटी लहान घेतली की आतली मदरबोर्डची पाटी लहान हवी, पाटी लहान घेतली की पंखा बुटका हवा, आणि ग्राफिक्स कार्ड चार मिलिमीटर लांब निघालं की सगळं पहिल्यापासून. तरी त्याने ते जमवलं. आता फक्त सासऱ्यांना विचारायचं राहिलं होतं, आणि ते तो रोज उद्यावर ढकलत होता.

शेवटी बायकोने, श्यूचिनने, जेवताना विषय काढला. "बाबा, येनथिंगला एक कॉम्प्युटर ठेवायचाय. अगदी छोटासा."

"किती छोटा?" मिस्त्रींनी माशाचा काटा काढत विचारलं.

"दहा लिटरच्या आत," येनथिंग घाईघाईने म्हणाला. या छंदातली माणसं पेटीचा आकार लिटरमध्येच सांगतात, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

मिस्त्रींनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "लिटर? का हो लोसाहेब, त्यात सोयाबीनचं दूध भरायचंय?" आडनावापुढे 'साहेब' लावून ते जावयाला नेमके जागेवर ठेवत. "माप सांगा, माप. या घरात माप पाहिल्याशिवाय चमचासुद्धा येत नाही. शनिवारी बाजारात मीच येतो."

मिस्त्री सेहेचाळीस वर्षं पूर्वजांचे देव्हारे आणि नामफलक करत होते. अख्ख्या वानह्वा भागात त्यांच्या मापाला कोणी हरकत घेत नसे. लोक म्हणत, च्येन मिस्त्रींचा देव्हारा बसला की तीन पिढ्यांचं भांडण मिटतं. अशा माणसाला घेऊन ग्राफिक्स कार्ड आणायला जायचं होतं.

शनिवारी क्वांगह्वा बाजारातल्या शेन मावशींच्या दुकानात मिस्त्रींनी खिशातून पोलादी टेप काढला. तैवानात घरोघरी असतो तसाच तो होता. मधे सेंटीमीटरचे आकडे आणि वरखाली बारीक अक्षरांच्या दोन ओळी. माप लाल अक्षरावर पडलं तर शुभ, काळ्यावर पडलं तर अशुभ. दाराची उंची, पलंगाची लांबी, गल्ल्याची खोली, सगळं लोक लाल अक्षरावर आणून ठेवतात. शेन मावशींनाही त्यात काही नवल वाटलं नाही. उलट त्यांनी काउंटर पुसून दिला.

"ही पेटी," येनथिंग यादीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला.

मिस्त्रींनी टेपवर अंगठा दाबला. "रुंदी साडेबारा. क्लेश. लांबी साडेबत्तीस. तोटा. उंची चोवीस." ते थांबले. "मृत्यू."

"तिन्ही?" शेन मावशींनी हळहळून विचारलं.

"तिन्ही. अशी कारागिरी मी आजवर पाहिली नव्हती."

चार महिन्यांची यादी पहिल्याच ओळीत कोसळली. अर्ध्या तासाने दुसरी पेटी सापडली. अकरा रुंद, तीस लांब, अठ्ठावीस उंच. मिस्त्रींनी तिन्ही बाजू लाल ठरवल्या. "समृद्धी, उत्कर्ष, उत्कर्ष. घ्या."

"पण मिस्त्री, या पेटीत माझा पंखा बसत नाही. तो चार पूर्णांक सात सेंटीमीटर उंच आहे."

"बसत असता तरी घेऊ दिला नसता. चार पूर्णांक सात म्हणजे इजा." मिस्त्रींनी मांडणीवरचा सर्वांत बुटका पंखा उचलून मापला आणि त्यांचा चेहरा खुलला. "तीन पूर्णांक सात. वंशवृद्धी!" त्यांनी जावयाकडे असं रोखून पाहिलं, की सहा वर्षांचा हिशेब एकदमच मागितला जातोय असं येनथिंगला वाटलं. "हाच घ्या."

"एवढ्या बुटक्या पंख्याखाली तुमचा प्रोसेसर तापेल हो," शेन मावशी म्हणाल्या. "जरा सौम्य प्रकृतीचा देते."

प्रोसेसर सौम्य झाला. मग ग्राफिक्स कार्डाची पाळी आली. येनथिंगने ते स्वप्नातही मोजलं होतं. सव्वीस पूर्णांक सात सेंटीमीटर. त्याने ते जपून खोक्यातून काढलं. मिस्त्रींनी टेप लावला, चष्मा वर केला आणि नुसती मान हलवली.

"काय आलं?"

"विचारू नका. पेटीत मृत्यू नको म्हणून पेटी बदलली, आता तो कार्डातून आत येतोय."

त्याच्या जागी सतरा सेंटीमीटरचं बुटबैंगण कार्ड आलं. मिस्त्रींच्या टेपवर ते 'सदाचार' निघालं. त्यावर गेममधले राक्षस फारसे वेगाने धावणार नव्हते, पण सदाचारी राक्षसांकडून तेवढी अपेक्षा तरी कोणी का करावी? येनथिंगने यादीतली ती ओळ खोडली.

शेवटी शेन मावशींनी मदरबोर्ड काढला. तळहाताहून थोडा मोठा, काळाभोर, चौकोनी. मिस्त्रींनी सवयीने एक बाजू मापली, सतरा. दुसरी मापली, सतरा. तिरकं मापलं. मग टेप बाजूला ठेवून त्यांनी ती पाटी दिव्याकडे धरली. केसाहून बारीक शेकडो रेघा एकमेकींच्या अंगाअंगाने जात होत्या, वळत होत्या, पण एकीचाही धक्का दुसरीला लागत नव्हता.

"हे हाताने केलंय?" त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही मिस्त्री, यंत्राने करतात."

"आणि त्या यंत्राला कोणी शिकवलं?"

चार महिने येनथिंग या पाटीचे आकडे वाचत होता, पण ती अशी कधी पाहिली नव्हती. दोघं डोक्याला डोकं लावून तिच्याकडे पाहत राहिले. मागे गिऱ्हाईक खोळंबलं, पण शेन मावशींनी त्यांना हलवलं नाही.

रविवारी सकाळी देव्हाऱ्यासमोरच्या टेबलावर जुळणी सुरू झाली. येनथिंगला वाटलं होतं, सासरे लांबून टोमणे मारतील. पण मिस्त्री बाह्या सरसावून शेजारी बसले. एवढ्याशा पेटीत तारा कोंबताना येनथिंगला घाम फुटला, तेव्हा त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि लाकडात लाकूड बसवावं तशा एकेक तारा कडेकडेने बसवून दिल्या. शेवटचं झाकण हवेचा बारीक आवाज करत बसलं. बटण दाबताच पंखा फिरला, पडदा उजळला आणि एक अख्खं जग त्यात उभं राहिलं. डोंगर, दऱ्या, गवताचं पातं न् पातं. मिस्त्रींनी वाकून पेटीच्या मागे पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

"एवढं सगळं एवढ्याशा पेटीत?" ते म्हणाले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. येनथिंगला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात श्यूचिन भाजी घेऊन आली. धूळ बसू नये म्हणून पेटीला कापडी झूल शिवावी, असं तिच्या मनात आलं. तिने वडिलांचाच टेप उचलला.

"अय्या! बाबा, हे तर 'ताटातूट' आलं."

"अकराला समृद्धी. नीट बघ."

"नीटच बघतेय. अकरा, ताटातूट. तीस, लूट. अठ्ठावीस, तीही लूट!"

"वरची ओळ कसली वाचतेस, खालची..." आणि मिस्त्रींचं वाक्य तिथेच तुटलं.

टेपवरची वरची ओळ असते जिवंत माणसांची, त्यांच्या घरांची, दारांची, पलंगांची. खालची असते मेलेल्यांची, थडग्यांची आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यांची. सेहेचाळीस वर्षं मिस्त्रींचा अंगठा वरच्या ओळीवर आणि डोळा खालच्या ओळीवर राहिला होता. त्यांचं काही चुकलंच नव्हतं म्हणायचं. त्यांनी जावयाला जगातला सर्वांत शुभ कॉम्प्युटर घेऊन दिला होता, फक्त तो वापरायला माणूस आधी मरायला हवा होता.

येनथिंगने न राहवून सव्वीस पूर्णांक सातवर वरची ओळ पाहिली. ठसठशीत लाल अक्षर होतं. 'अधिकारपद'. त्याने टेप हळूच गुंडाळला.

मिस्त्री उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने प्लग काढला. "पौर्णिमेला पूर्वजांना विचारू," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून कारखान्यात गेले.

पौर्णिमा तीन दिवसांवर होती. तीन दिवस खालून पटाशीचा आणि कानशीचा आवाज येत होता. जेवायला ते वर येत आणि घाईघाईने जेवून पुन्हा खाली जात. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माप चुकलं होतं आणि तेही घरजावयापुढे, नुकत्याच आलेल्या वस्तूवर. येनथिंगचं धाबं दणाणलं.

"काय करताहेत गं ते खाली?" त्याने श्यूचिनला विचारलं.

"विचारलं मी. म्हणाले, तुझं काम कर."

"पेटी जाळायला शेगडी करत असतील. मी म्हणतो, परत देऊन टाकू. कप्पा आहे ना मला."

"कुठला कप्पा?" श्यूचिनने विचारलं. तिला ते ठाऊकच नव्हतं. मग त्याने ते पुन्हा सांगितलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी देव्हाऱ्यापुढे उकडलेली कोंबडी, संत्री आणि तांदळाची दारू मांडली गेली. कॉम्प्युटरही आरोपीसारखा जमिनीवर ठेवला होता. मिस्त्रींनी उदबत्त्या लावल्या आणि कौलाचे दोन लाल ठोकळे हातात घेतले. पणजोबांच्या वेळचे, झिजून गुळगुळीत झालेले, चंद्रकोरीसारखे, एका बाजूने सपाट. एक उताणा, एक पालथा पडला की पूर्वजांचा होकार. दोन्ही पालथे, तर नकार.

"पूर्वजहो, चूक माझी आहे. ही वस्तू तुमच्या मापाची निघाली. तुम्हाला हवी आहे का?"

ठोकळे पडले. दोन्ही पालथे.

"बरं. मग लो येनथिंगने ती वापरली तर चालेल?"

दोन्ही पालथे. येनथिंगने मान खाली घातली. सात पिढ्यांचं एकमत झालं होतं, आता अपील कुठे करणार?

"पुन्हा विचारतो. लो येनथिंगने..."

पालथे. ठोकळ्यांचा आवाज या वेळी जरा जोरातच झाला. श्यूचिनने नवऱ्याचा हात धरला. मिस्त्री क्षणभर देव्हाऱ्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी ते ठोकळे बाजूला ठेवले आणि घसा खाकरला.

"लाकूड जुनं झालंय. नीट ऐकू जात नाही यातून."

खिशातून त्यांनी दुसरे दोन ठोकळे काढले. नवेकोरे, लालभडक, ताज्या रोगणाच्या वासाचे.

"शिवाय माझंच विचारण्यात चुकलं," ते म्हणाले. "पूर्वजहो, हे आपल्या पोराचं आहे. त्याच्याजवळ राहू दे?"

एक उताणा, एक पालथा. पुन्हा तेच विचारून टाकले. एक उताणा, एक पालथा. तिसऱ्यांदाही तसंच. लागोपाठ तीन होकार म्हणजे त्यावर कोणी काही बोलायचं नाही. श्यूचिनने टाळ्या वाजवल्या. येनथिंगला मात्र कौल नीट दिसलाच नव्हता. 'आपल्या पोराचं' हे तीन वेळा ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. त्याने काहीतरी करायचं म्हणून खाली वाकून ठोकळे उचलले.

एक ठोकळा हाताला विचित्र जड लागला. त्याने तो तळहातावर उलटा ठेवला. ठोकळा सावकाश कलला आणि आपसूक उताणा झाला. पुन्हा उलटा केला, पुन्हा उताणा. कडेला रोगणाखाली शिशाची एक गोळी बुजवलेली होती, वाटाण्याएवढी, मापात केसाचाही फरक नसलेली. दुसऱ्या ठोकळ्यातही तशीच, फक्त उलट्या बाजूला, म्हणजे तो नेहमी पालथाच. मापाबाहेरचा चमचाही घरात न आणणाऱ्या माणसाने तीन दिवस कानशीने घासून सात पिढ्यांना फसवण्याचं हे काम केलं होतं. तेही आधी तीनदा सरळ विचारून, त्यांना पुरती संधी देऊन.

येनथिंगने वर पाहिलं. मिस्त्री पाठमोरे उभे राहून सरळच असलेल्या उदबत्त्या सरळ करत होते.

"काय बघतोस?" त्यांनी न वळताच विचारलं.

"काही नाही, बाबा."

"रंग ओला आहे अजून. शर्टाला लागेल. ठेव ते खाली आणि ती वस्तू आधी खिडकीपाशी ने. कोंबडी गार होतेय."

येनथिंगने ठोकळे रुमालात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात अगदी मागे सरकवले, आणि दोन्ही हातांनी पेटी उचलली.