बत्तीसची बेरीज

चित्रफीत चांगली झाली तर आपल्या पदरात नेमकं काय पडणार आहे, याचा आढावा हिशेबनिसाने सकाळी दात घासतानाच घेतला होता. मोठ्या बाई आज निवृत्त होणार होत्या. जाता जाता त्या मुख्य कार्यालयाला एक पत्र लिहिणार होत्या आणि नवा अधिकारी येईपर्यंत पाणीपट्टी विभागाचा प्रभार कोणाकडे द्यावा, ते त्या पत्रात सुचवणार होत्या. प्रभार म्हणजे बाईंची केबिन, त्या केबिनला असलेलं दार, आणि आत यायच्या आधी लोकांनी त्यावर वाजवलेली टकटक. खर्चाच्या बाजूला काय, तर जेवणाची एक सुट्टी. एवढा किफायतशीर व्यवहार त्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीत दुसरा झाला नव्हता.

प्रतिस्पर्धी एकच होता, टंकलेखक. वयाने बारा वर्षांनी लहान, पण बाई त्याच्याशी बोलताना हसतात, असं हिशेबनिसाने दोनदा पाहिलं होतं.

निरोपाची फीत करायची कल्पना हिशेबनिसाचीच. सगळ्यांचे दोन-दोन शब्द त्याने मोबाइलवर टिपून घेतले होते. आवक-जावक सांभाळणाऱ्या मावशी दोन शब्दांच्या नावाखाली अकरा मिनिटं बोलल्या होत्या, त्यातली सात स्वतःच्या गुडघ्यांबद्दल. काम हात राखून करायची सवय नसल्यामुळे त्याने मोबाइलमध्ये चित्राच्या दर्जाची जी सगळ्यात वरची पायरी होती तीच निवडली होती. परिणाम असा झाला, की कार्यालयातल्या संगणकावर ती चित्रं चालेनात. मावशींचं तोंड उघडायचं, ते मिटेपर्यंत हिशेबनिसाचा एक चहा व्हायचा.

त्याने मुलीला फोन लावला. ती एका जाहिरात कंपनीत फिल्म कापायचं आणि जोडायचं काम करायची.

"बाबा, रॅम किती आहे तुमच्या मशीनला?"

"आठ."

"आठात काय होतंय! साधं काही असतं तर रडतखडत झालं असतं. सोळा तरी हवी. आणि तुम्ही फोर-के घेतलंय म्हणताय ना? मग बत्तीस धरून चाला."

"अगं, तीन माणसांची भाषणं जोडायला बत्तीस?"

"रॅम म्हणजे ओटा समजा, बाबा. ओटा लहान असला की एक पातेलं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. तुमचं मशीन नुसती पातेली उचलतंय आणि ठेवतंय. स्वयंपाक कधी करणार? पण एक युक्ती आहे, ऐका..."

"कळलं, कळलं. बत्तीस. ठेवतो."

आकडा हाती लागला की पुढचं ऐकायचं नाही, हा त्याचा जुना दोष.

रॅम विकत घ्यायची तर तीन दरपत्रकं, तुलनातक्ता आणि मंजुरी. सहा आठवडे. बाई चार वाजता जाणार. हिशेबनिसाने मान वर करून विभागाकडे पाहिलं. त्याचा, टंकलेखकाचा, मावशींचा आणि केबिनमधला बाईंचा असे चार संगणक एकाच दिवशी, एकसारख्या खोक्यांतून आलेले. प्रत्येकात आठ. चार आठे बत्तीस. याला कोणाची मंजुरी लागत नव्हती, पाढा पुरेसा होता.

एक वाजता सगळे जेवायला गेले. बाई मुख्य कार्यालयात निरोप घ्यायला गेल्या होत्या, साडेतीनच्या आत येणार नव्हत्या. हिशेबनिसाने नखं कापायच्या संचातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तीन संगणकांच्या पोटातून रॅमच्या तीन हिरव्या पट्ट्या काढून आपल्या संगणकाच्या रिकाम्या खाचांत बसवल्या. पण विनापावती वस्तू हलवायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्याने तीन चिठ्ठ्या लिहिल्या, 'एक नग उसना घेतला, दोन वाजता परत', आणि प्रत्येकाच्या कीबोर्डखाली एकेक सरकवली. कोणालाही दिसू नये अशी, पण नोंद असावी.

आणि काय सांगावं! मशीन असं पळायला लागलं, की मावशींचं तोंड उघडायचं आणि मिटायचंही. पावणेदोनपर्यंत फीत जुळून झाली. गुडघे सातावरून एका मिनिटावर आले. आता फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. त्याने ते दाबलं. पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली आणि खाली अक्षरं आली: उरलेला वेळ, एक तास पाच मिनिटं.

हा तास त्याच्या हिशेबात नव्हता.

दोन वाजता मावशी आल्या. "अगं बाई, हा का रडतोय?" त्यांचा संगणक पीं पीं पीं करत होता.

"माझाही!" टंकलेखक ओरडला. "काका, तुमचा बघा जरा."

हिशेबनिसाने घाईघाईने आपला पडदा बंद केला. "माझाही गेला," तो म्हणाला. खाली संगणकाचा डबा घों घों करत होता.

"मग आवाज कसला येतोय?"

"पंख्याचा."

तिघांनीही छताकडे पाहिलं. पंखा थंडीपासून बंद होता.

खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण चालू मशीनमधून पट्टी उपटली तर फीत जाणार, आणि टंकलेखकापुढे कबुली दिली तर केबिन जाणार. त्यापेक्षा तासभर कळ सोसावी, असा त्याने विचार केला. तेवढ्यात मावशींनी समोरच्याच इमारतीतल्या मुख्य कार्यालयाला फोन लावलासुद्धा. "हो हो, सगळेच्या सगळे! एकदम! लवकर पाठवा कोणालातरी."

पण त्या कोणाच्याही आधी, आणि साडेतीनच्याही कितीतरी आधी, मोठ्या बाईच आल्या. सरळ केबिनमध्ये गेल्या. पीं पीं पीं. पुन्हा बाहेर आल्या.

"एकतीस वर्षं नोकरी झाली आणि शेवटच्या दिवशी मशीनने तोंड फिरवलं," त्या म्हणाल्या. "हिशेबनीस, उठा जरा. मला तुमच्या मशीनवर एक पत्र टाइप करायचंय."

कोणतं पत्र ते हिशेबनिसाला बरोब्बर कळलं. त्या पत्राच्या आणि स्वतःच्या नशिबाच्या मधे तोच बसला होता, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून.

"बंद आहे, बाई."

"तुमचाही?"

"हो. अगदी गतप्राण."

एवढ्यात दुरुस्तीवाला आला. खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर जगातली सगळी मशीनं बिघडलेली पाहून आलेली शांतता. "चारही एकदम? मग व्हायरस. काही खोलत बसत नाही, चारही उचलून नेतो. सोमवारी मिळतील."

"उचलून?" हिशेबनिसाचा आवाज फाटला. "आधी खोलून तरी बघा की एखादा. त्यांचा बघा!" आणि त्याने घाबरून बोट दाखवलं ते नेमकं मावशींच्या संगणकाकडे.

दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं. आत टॉर्च मारला. मग टंकलेखकाचं काढलं. मग केबिनमध्ये जाऊन आला.

"व्हायरस नाही," तो म्हणाला. "रॅम चोरलीय. तिन्हीतून."

"चोरी!" मावशी खुर्चीत बसल्या. "दिवसाढवळ्या! मी तरी म्हणतच होते, खिडकीला कडी नाही."

"पोलिसांत कळवायला हवं," बाई म्हणाल्या आणि फोन उचलला.

दुरुस्तीवाला हिशेबनिसाच्या टेबलाखाली वाकला आणि डब्यावर हात ठेवून थबकला. "हा मेला म्हणालात ना? मेलेला एवढा गरम?" त्याचा हात भिंतीतल्या प्लगकडे गेला.

"हात लावू नका!" हिशेबनीस टेबलाखाली झेपावला आणि प्लगला पोटच्या पोरासारखं कवटाळून बसला. "त्यात बाई आहेत!"

घों घों तेवढी चालू होती. बाईंनी फोन खाली ठेवला, पुढे होऊन पडदा चालू केला. हिरवी रेघ, एकाहत्तर टक्के. वर थिजलेल्या मावशी, एक हात गुडघ्यावर, आणि कोपऱ्यात अक्षरं: 'आमच्या मोठ्या बाईंना'.

टेबलाखालूनच हिशेबनिसाने सगळं सांगितलं. फोर-के, ओटा, चार आठे बत्तीस. "आणि पावत्या ठेवल्यात, बाई. कीबोर्डखाली बघा."

टंकलेखकाने कीबोर्ड उचलला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. पहिल्या हसल्या त्या मावशी.

"अहो काका," दुरुस्तीवाला डोकं खाजवत म्हणाला, "एवढ्यासाठी? फिल्मची हलकी, लहान प्रत करून घ्यायची. कापाकापी तिच्यावर करायची, आणि शेवटी खऱ्या फिल्मवर तीच कापाकापी लावायची. आठातही झालं असतं. जरा हळू, पण झालं असतं."

हिशेबनिसाला फोनवरचं 'एक युक्ती आहे, ऐका' आठवलं आणि तो टेबलाखालून बाहेर यायचंच विसरला.

रेघ शंभरावर जायला अजून वीस मिनिटं होती, आणि काम करता येईल असं एकही मशीन नव्हतं. मग सगळे खुर्च्या ओढून त्या रेघेसमोरच बसले. बाईंनी पहिल्या दिवशी चुकून अख्ख्या गल्लीचं पाणी कसं तोडलं होतं ते सांगितलं. टंकलेखकाने त्यांची नक्कल करून दाखवली. बाई त्याच्याशी बोलताना हसत होत्या, आणि मावशींशी बोलतानाही, आणि हिशेबनिसाशी बोलतानाही. ही नोंद त्याने बावीस वर्षांत केलीच नव्हती.

"पत्राचं राहिलंच," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद आणि पेन घेतलं. "खरं सांगू का, हिशेबनीस? मी टंकलेखकाचं नाव घालायला आले होते."

हिशेबनिसाने मान खाली घातली.

"म्हटलं, तुम्ही एका खिळ्यासाठी तीन दरपत्रकं मागवणारे. विभाग ठप्प होईल. आज बघते तर तुम्ही नियम मोडूनही विभाग ठप्प करू शकता." मावशी फिसकन हसल्या. बाई मात्र थांबल्या, पडद्याकडे पाहत. "पण बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला न विचारता काहीतरी केलंत. तेही माझ्यासाठी. आता तुमचंच नाव घालते."

"थोडंसं माझ्यासाठीही होतं, बाई," हिशेबनीस पुटपुटला.

"ते मला माहीत आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"बाई, लवकर सही करा," टंकलेखक म्हणाला. "नाहीतर मत बदलाल. मला नको तो प्रभार. रोज चारशे तक्रारी, कोण घेणार!"

चार वाजता फीत लागली. गुडघे कापले म्हणून मावशी रुसल्या आणि नेमक्या त्याच जागी बाईंनी डोळे पुसले.

सोमवारी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. चार संगणक एकाच वेळी बंद ठेवल्याबद्दल प्रभारी अधिकाऱ्याने संबंधित कर्मचाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा आणि योग्य ती कारवाई करावी. हिशेबनिसाने केबिनमध्ये बसून स्वतःला नोटीस काढली, बाहेर येऊन ती आपल्या हाताने स्वीकारली, आणि मावशींच्या वहीत दोन्हीची नोंद करून घेतली. खुलासा दोन पानी झाला. अधिकारी म्हणून त्याने तो दोनदा वाचला आणि शेरा मारला: असमाधानकारक.

एकूण ताळेबंद असा निघाला. मावशींना दुपारची विश्रांती मिळाली. टंकलेखकाच्या डोक्यावरचं ओझं टळलं. बाईंना पाच मिनिटांच्या समारंभाऐवजी वीस मिनिटांच्या गप्पा मिळाल्या. वसुली झाली ती एकाच माणसाकडून: प्रभारी अधिकाऱ्याने आपल्या पहिल्याच आदेशाने हिशेबनिसाची अर्ध्या दिवसाची रजा कापली, आणि खाली अत्यंत समाधानाने, वळणदार सही केली.