कपाळ ते हनुवटी

दिसते तसे नसते, असे पूर्वीचे लोक म्हणत. आमच्या कंपनीने सखोल विचारांती हे मत रद्द केले आहे. जे दिसते तेच असते आणि जे दिसत नाही ते बहुधा घरी झोपलेले असते, असे सुधारित मत गेल्या वर्षीपासून लागू आहे.

आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो. निम्मे लोक ऑफिसात आणि निम्मे घरून काम करू लागल्यावर साहेबांना रिकाम्या खुर्च्या बघवेनात. म्हणून दृश्यता समिती नेमण्यात आली (मी तिचा सदस्य आहे, अभिनंदनाबद्दल आभार). समितीने प्रत्येक रिकाम्या खुर्चीला सुतळीने एकेक स्क्रीन बांधला. घरचा माणूस त्यात नऊ ते सहा दिसला पाहिजे. सफाईवाल्या मावशी रोज सकाळी सगळ्यांची तोंडे ओल्या फडक्याने पुसतात. आगीच्या सरावात या खुर्च्याही ढकलत खाली न्यायच्या होत्या, पण आमचीच लिफ्ट बंद असल्याने त्या दिवशी घरचे सगळे कागदोपत्री जळाले.

गुण देण्याची पद्धत सोपी आहे. कपाळ ते हनुवटी दिसल्यास पन्नास, मान डोलावल्यास तीस, हसल्यास वीस. पहिल्याच महिन्यात दृश्यता एकसष्ट टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेली. त्या महिन्यात लिफ्ट किती दुरुस्त झाल्या, हे मोजायचे राहून गेले.

अडचण एकच होती, नकाशेवाल्या बाई. कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकले की फोन त्यांना जायचा. एका कानाने त्या अडकलेल्या माणसाला धीर देत, दुसऱ्या कानाने मेस्त्रीचे ऐकत आणि टेबलावर पसरलेल्या वायरिंगच्या नकाशावर बोट ठेवून कुठली तार कुठे ते सांगत. खाली मान घालून काम करणे हा एकेकाळी गुण समजला जाई. बाईंची दृश्यता बावीस टक्के भरली.

साहेबांनी त्यांना समजावले.

"बाई, तुमचा नुसता भांग दिसतो हो."

"साहेब, मान वर केली तर मेस्त्रीला भलतीच तार सांगेन. आत माणूस अडकलेला असतो."

"तार राहू द्या. कपाळ दाखवा."

महिनाअखेर ऐंशी टक्के झाले नाहीत तर नोकरी जाईल, असे त्यांना प्रेमाने कळवण्यात आले. घरात मिळवते माणूस त्या एकट्याच. घरून काम घेतले होते तेही सासऱ्यांसाठी, कारण त्यांना हल्ली काही आठवत नाही आणि एकटे ठेवता येत नाही.

सासऱ्यांना मात्र उजळलेला पडदा फार आवडला. इतकी माणसे घरी आलेली पाहून ते इस्त्रीचा शर्ट घालून बाईंच्या खुर्चीत जाऊन बसले आणि प्रत्येकाला मान डोलावून "बसा, बसा" म्हणू लागले. बाईंनी नकाशा उचलला आणि त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या. दृश्यता अठ्ठ्याण्णव टक्के झाली.

चेहऱ्याला मिशी आल्याचे समितीच्या लक्षात आले नाही, असे नाही. दोन बैठका झाल्या. नियमांत 'चेहरा' एवढेच म्हटले आहे, कोणाचा ते म्हटलेले नाही, असे निष्पन्न झाले. दोन महिन्यांत सासऱ्यांना विभागप्रमुख करण्यात आले. माणूस शांत आहे, कोणाचे बोलणे मध्येच तोडत नाही, असे साहेबांचे मत पडले.

आता अडचण उलटी झाली. नवे प्रमुख दिसत असताना चौकटीबाहेरून एका बाईचा आवाज सारखा येई, "घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस निघालाय." हा व्यत्यय कायमचा बंद करावा, असा ठराव समितीने सर्वांपुढे ठेवला.

तेव्हा बाई प्रथमच पूर्ण दिसल्या. सासऱ्यांच्या खांद्यावरून त्या चौकटीत वाकल्या. कानाला फोन तसाच होता.

"अहो, हे काम मी करते. बाबा नुसते बसतात. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी बोला ना."

मला वाईट वाटले, हे मी इथे मान्य करतो. पण वाईट वाटलेले पडद्यावर दिसते, म्हणून मी हसलो.

"ठराव मान्य?" साहेबांनी विचारले. सर्वांत आधी सासऱ्यांनी मान डोलावली. मग चाळीसच्या चाळीस चौकटी डोलल्या. बाईंनी फोनवरच्या माणसाला "एक मिनिट हं" म्हटले आणि तेवढ्यात ठरावाप्रमाणे त्यांची फोनची लाइन बंद झाली. तो माणूस चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये होता, एवढीच नोंद आहे.

तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी चौकट तुमची होती. तुम्ही दोनदा मान डोलावलीत. कशाला, ते तुम्हाला आठवत नसेल, कारण तुम्ही टेबलाखाली फोनवर असलेच काहीतरी वाचत होतात आणि गालातल्या गालात हसत होतात. हसण्याचे वीस गुण आम्ही तुम्हाला पूर्ण दिले आहेत.