शेवटच्या नळाचं प्रेशर

चाळिसाव्या मजल्यावर आग लागली, तर तिथल्या सोफ्यावर मिनिटाला किती पाणी पडेल, हे मी खुर्चीवरून न उठता सांगतो! लोअर परळच्या टॉवरांत छताला फवारे दिसतात ना? त्यांची हायड्रॉलिक कॅल्क्युलेशनं करणं हाच माझा धंदा. नियम सोपा. पंपापासून सगळ्यात लांबचा फवारा धरायचा. त्याला पुरेसा दाब मिळाला, की बाकीचे सुखी.

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत सगळ्यात लांबचा नळ इरावतीचा. तिसरा मजला, टोकाची खोली. त्या नळातून पाणी कमी आणि उसासे जास्त! म्हणून ती रोज सकाळी कळशी घेऊन खालच्या नळावर यायची. मीही यायचो. माझ्या घरी पाणी येतं, पण ती गोष्ट वेगळी. तिची पाठ वळली की भरलेली बादली गटारात ओतायची आणि पुन्हा तिच्या मागे रांगेत!

"संघर्ष, घरी हत्ती पाळलायस का रे?" तिनं एकदा विचारलं.

"हत्ती नाही. आई आंघोळ जोरात करते."

ती हसली. म्हणाली, "एवढे टॉवर भिजवतोस, माझ्या नळाचं बघ ना काहीतरी."

त्या हसण्यावर मी अख्ख्या चाळीला पंप लावायचं ठरवलं.

"झिला, होतला मा?" चाळ कमिटीच्या रमाकांतकाकांना शंका.

"काका, विज्ञान आहे!"

पहिल्या दिवशी इरावतीचा नळ शिंकला. नुसता शिंकला. टॉवरात आग एका कोपऱ्यात लागते, म्हणून मोजकेच फवारे उघडतील असं आम्ही धरतो. मी इथंही तेच धरून छोटा पंप लावला होता. पण चाळीत पाणी आलं की आग सगळ्यांनाच लागते! सगळे नळ उघडे, खाली पिंपं, टोप, कुकर, एकाचं हेल्मेट!

मग सगळे नळ उघडे धरून मोठा पंप बसवला. नेमकी त्या सकाळी चाळ लग्नाला गेलेली. नळ बंद, पंप चालू! तळमजल्यावर एकटे रमाकांतकाका तेवढे पूजेला बसले होते. त्यांच्या मोरीतला नळ गोळीसारखा सुटला आणि देव गॅलरीपर्यंत वाहत गेले.

"मेल्या! माझ्या गणपतीचा विसर्जन केलंस!"

शेवटी मजल्यामजल्यावर दाब आवरणारे व्हॉल्व्ह टाकले. दुसऱ्या सकाळी वरून आवाज आला, "संघर्ष! धो धो येतंय रे! खाली यायची कटकटच संपली!"

मी हिरोसारखा हात हलवला. हात खाली आल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

आता रोज सकाळी मी एकटाच खालच्या नळावर असतो. काल बादली भरली, सवयीनं ओतली, पुन्हा लावली. रमाकांतकाका दारातून बघत होते.

"हय काय करतस?"

"प्रेशर चेक करतोय."

"किती आसा?"

"वर भरपूर आहे, काका," मी तिसऱ्या मजल्याच्या टोकाकडे बघत म्हणालो. "खाली काहीच नाही."